दोन्ही पदे प्रधान
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी व्यासपीठावरून अभंगाविषयी, फार तर एखाद्या नाट्यपदाविषयी ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज मी बोलणार आहे ती एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेविषयी. हे धाडस मी का करते आहे, ते आधी सांगते. गेल्या महिन्यात भजनाचा सराव सुरू होण्यापूर्वी मी सहज एक इंग्रजी गाणे लावले होते. शब्द फारसे कोणाला कळले नाहीत. पण आपल्या माई हातातल्या वाती वळायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे दोघे नवराबायको आहेत का?" मी म्हटले, "नाही माई." त्यावर त्यांनी विचारले, "मग इतकं कसं जमतं?"

माईंच्या या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे ते उत्तर आहे, असे समजा.

ही ध्वनिमुद्रिका म्हणजे 'युनायटेड'. ती ऑगस्ट 1967 मध्ये निघाली. मार्विन गे हा गायक आणि टॅमी टेरेल ही गायिका. बारा गाणी, आणि बाराही द्वंद्वगीते. काढणारी कंपनी मोटाउन. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर, म्हणून 'मोटर टाउन', आणि त्याचेच झाले मोटाउन. बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने मोटारीच्या कारखान्यात जोडकामाच्या रांगेवर काम केले होते. पुढे 1959 साली घरच्यांच्या सामाईक बचतीतून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने हा व्यवसाय मांडला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरच्या एका साध्या घरात कचेरी आणि ध्वनिमुद्रणाची खोली दोन्ही होती. ते घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. घरच्या बायामाणसांच्या भिशीतून एखादा उद्योग उभा राहावा, तशातलाच हा प्रकार. त्यातून निघालेले संगीत मात्र जगभर गेले.

या संगीताला 'सोल' म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चमध्ये जे आवेगाने गायले जाई, त्याची धाटणी 1950 नंतरच्या काळात लौकिक गाण्यांत उतरली आणि हे संगीत घडले. त्या चर्चमधील गाण्याचा एक विशेष आहे. एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी तिला उत्तर द्यायचे. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. भजनात बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी तो उचलतात, तेव्हा वेगळे काय होते? उचलणाऱ्याने नुसते पाठ म्हटले तर भजन उभे राहत नाही. त्याने मन लावून ऐकलेले असावे लागते.

आता या दोघांची ओळख करून देते. मार्विन गे याचा जन्म 1939 साली वॉशिंग्टन शहरात झाला. वडील धर्मोपदेशक असल्यामुळे तो लहानपणापासून चर्चमध्ये गाऊ लागला. 1967 पर्यंत तो नावाजलेला गायक झाला होता आणि मेरी वेल्स व किम वेस्टन या दोन गायिकांबरोबर त्याची द्वंद्वगीतेही निघाली होती. टॅमीचे मूळ नाव थॉमसिना माँटगोमेरी. ती 1945 साली फिलाडेल्फियात जन्मली. लहान वयातच ती व्यवसायात पडली आणि 1965 मध्ये मोटाउनमध्ये आली. तो प्रसिद्ध होता, तर तिचे नाव अजून व्हायचे होते. तो विवाहित होता. दोघांत स्नेह फार होता, पण ते पतिपत्नी नव्हते.

मी त्या दिवशी लावलेले गाणे म्हणजे या तबकडीवरचे पहिलेच, 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'. वाटेत डोंगर, दऱ्या, नद्या काहीही आले तरी तुझ्या हाकेला मी धावून येईन, असा त्याचा आशय. ते निक ॲशफर्ड आणि व्हॅलेरी सिम्प्सन या दोघांनी रचले. व्हॅलेरी तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका चर्चमध्ये या दोघांची ओळख झाली. निक त्या शहरात आला तेव्हा त्याला राहायला घर नव्हते. काही रात्री त्याने बागेतल्या बाकावर काढल्या होत्या. अशाच दिवसांत रस्त्याने चालताना, या शहरापुढे हार मानायची नाही, असे त्याच्या मनाने घेतले आणि त्यातून डोंगराची कल्पना सुचली, असे त्याने पुढे सांगितले. डस्टी स्प्रिंगफील्ड या प्रसिद्ध इंग्रज गायिकेला हे गाणे हवे होते. पण या दोघांनी ते दिले नाही. मोटाउनचे दार उघडायला हीच किल्ली उपयोगी पडेल, असे त्यांना वाटत होते, आणि झालेही तसेच.

आता आश्चर्याची गोष्ट सांगते. आपण ऐकले ते गाणे त्या दोघांनी समोरासमोर उभे राहून गायलेले नाही! आधी टॅमीने एकटीने आपला भाग गायला. नवखी असल्याने तिच्या मनात धाकधूक होती. हार्वी फुक्वा आणि जॉनी ब्रिस्टल या निर्मात्यांनी तिच्याकडून तो भाग गाऊन घेतला, आणि मार्विनचा आवाज त्यावर नंतर चढवला. टेपच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर निरनिराळे आवाज नोंदवून मग ते एकत्र करता येतात, त्यामुळे हे शक्य झाले. या तबकडीवरची आणखी काही गाणी तर आधी टॅमीची एकटीची म्हणून नोंदवलेली होती. मार्विनचा आवाज त्यांत पुढे घालण्यात आला.

हे प्रथम वाचले तेव्हा मी खट्टू झाले. मनात आले, म्हणजे हा सारा जिव्हाळा यंत्राने जोडलेलाच की! पण मग मी ते गाणे पुन्हा लावले, आणि माझे मत पालटले. विचार करा. टॅमीने गायले तेव्हा समोर मार्विन नव्हता. तरी तिने आपल्या ओळींच्या मागेपुढे त्याच्यासाठी जागा सोडली. मार्विन गायला तेव्हा ती जवळ नव्हती. तरी तिचा श्वास कुठे संपतो, कुठल्या शब्दावर तिने भार दिला आहे, हे कान देऊन ऐकल्याशिवाय त्याला तसे गाताच आले नसते. एकत्र बसलेली माणसेसुद्धा पुष्कळदा एकमेकांचे ऐकत नाहीत, हे आपण घराघरांत पाहतो. इथे तर एक माणूस समोर नाही आणि तरी त्याचे ऐकले जाते आहे. मग हा जिव्हाळा खोटा कसा म्हणावा? माझ्या मते तो कष्टाने साधलेला आहे, आणि म्हणूनच अधिक खरा आहे.

गाणे अडीच मिनिटांचेही नाही. जेम्स जेमरसन या वादकाच्या खर्जातल्या गिटारीने चाल धरली की मार्विन हाक देतो आणि टॅमी ती उचलते. तो एक आठवण सांगू लागतो आणि ती ती पुढे नेते. मग ध्रुवपदाला दोघे एकत्र येतात. आपल्याकडच्या बऱ्याच द्वंद्वगीतांत नायक मागणे मागतो आणि नायिका लाजते, किंवा तो गातो आणि ती नुसती री ओढते. इथे तसे नाही. धावून येण्याचे वचन तो देतो, तसेच तीही देते. कोणी कोणाची मनधरणी करत नाही. 'इफ धिस वर्ल्ड वेअर माइन' हे मार्विनने स्वतः रचलेले संथ गाणे याच तबकडीवर आहे. त्यात पहिले कडवे त्याचे आणि दुसरे तिचे, असा सरळ अर्धा वाटा आहे.

आपण शाळेत समास शिकलो. अव्ययीभावात पहिले पद प्रधान, तत्पुरुषात दुसरे, आणि ज्यात दोन्ही पदे प्रधान तो द्वंद्व समास. 'द्वंद्व' म्हणजे झुंज, हा अर्थ आपल्या तोंडी अधिक आहे. पण व्याकरणात द्वंद्व म्हणजे बरोबरीची जोडी. द्वंद्वगीत हा शब्द या दुसऱ्या अर्थाने किती शोभतो, ते मला ही तबकडी ऐकताना समजले. माई, तुम्ही ज्यांच्याविषयी विचारले ते 'नवराबायको', हा शब्दसुद्धा द्वंद्व समासच आहे. आपण संसारात मात्र त्याचा कधी तत्पुरुष करून टाकतो ते आपल्यालाही कळत नाही.

या तबकडीत दोष नाहीत असे मुळीच नाही. 'समथिंग स्टुपिड' हे गाणे फ्रँक सिनात्रा आणि त्याची मुलगी नॅन्सी यांनी त्याच वर्षी गाजवलेले. ते इथे का घेतले, असा प्रश्न पडतो. दोनचार गाणी साधारणच आहेत. पण 'युअर प्रेशस लव्ह' आणि 'इफ आय कुड बिल्ड माय होल वर्ल्ड अराउंड यू' ही ऐकली की ती साधारण गाणी माफ करावीशी वाटतात. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ही दोन अनुक्रमे पाचव्या आणि दहाव्या स्थानापर्यंत गेली. आपले डोंगराचे गाणे मात्र तिथे 19व्या स्थानापुढे सरकले नाही. आज सर्वांत जास्त ऐकले जाते ते तेच! वर्षाचा हिशेब आणि काळाचा हिशेब निराळा असतो, तो असा.

यापुढची हकिगत सांगताना जड वाटते. टॅमीला लहानपणापासून डोकेदुखीचा त्रास होता. मोठी झाल्यावर, जी माणसे आपली म्हणावीत त्यांच्याकडूनही तिला मारहाण सोसावी लागली, असे तिच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. 14 ऑक्टोबर 1967 रोजी, म्हणजे तबकडी निघून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, व्हर्जिनियातील एका कॉलेजात गाता गाता ती कोसळली. मार्विनने तिला सावरले. मेंदूत गाठ निघाली. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. त्यातूनही तिने गायचे सोडले नाही. 1968 मध्ये दोघांची दुसरी तबकडी निघाली. 16 मार्च 1970 रोजी ती वारली. पंचवीस वर्षे पुरी व्हायला दीड महिना उरला होता. मार्विनने त्यानंतर बराच काळ रंगमंचावर गाणे टाळले. 1984 साली वडिलांशी झालेल्या भांडणात त्यांनीच झाडलेल्या गोळीने त्याचाही अंत झाला.

कोणी म्हणेल, या करुण कहाणीमुळेच ही गाणी टिकली. मला ते पटत नाही. लोकांनी डोंगराचे गाणे उचलले तेव्हा ती रंगमंचावर कोसळलेली नव्हती. जुलै 1967 मध्ये डेट्रॉइटमध्ये भीषण दंगल उसळली, 43 माणसे मेली, आणि त्यानंतर महिन्याभरात त्याच शहरातून ही तबकडी बाहेर आली. भोवती जळालेली घरे असताना, तू हाक मार, मी येईन, हे शब्द लोकांनी कोणत्या मनाने ऐकले असतील! पुढे 1970 साली डायना रॉस हिने हेच गाणे आपल्या ढंगाने एकटीने गाऊन पहिल्या क्रमांकावर नेले. ते भव्य आहे; पण हाकेला ओ देणारा तो दुसरा आवाज तिथे नाही, याची मला चुटपुट लागते. 2000 साली 'रिमेंबर द टायटन्स' या चित्रपटात काळ्या-गोऱ्या मुलांच्या एका संघाची कथा आली, तिच्यातही हे गाणे आहे. आणि ते रचणाऱ्या निक-व्हॅलेरी या जोडीने 1974 मध्ये लग्न केले व 2011 मध्ये निक जाईपर्यंत दोघे बरोबर रचत आणि गात राहिले. तेव्हा माई, नवराबायको होते ते गाणारे नव्हेत, रचणारे. आणि तेही पुढे झाले.

आता थोडे आपल्याविषयी. गेल्या वर्षीच्या भजनस्पर्धेत आपण दोघी-दोघींनी मिळून एक गवळण बसवली होती. त्यात मी आणि माझी जोडीदारीण, दोघीही आपला आवाज वर राहावा म्हणून झटत होतो. परीक्षकांनी गुण कापले, तेव्हा मी दोष पेटीवाल्या बाईंना दिला. आज सर्वांसमक्ष कबूल करते, दोष माझ्या कानाचा होता. मी गात होते, ऐकत नव्हते.

माईंच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते एवढेच. जमते ते नात्यामुळे नव्हे, नुसत्या गोड गळ्यामुळेही नव्हे. आपली ओळ संपली की थांबावे, दुसऱ्याची ओळ आपलीच समजून ऐकावी, आणि मग बोलावे. दोन्ही पदे प्रधान राहिली की गाणे टिकते. घर आणि मंडळही त्यानेच टिकते, असा माझा तरी अनुभव आहे.

 आता ते गाणे पुन्हा एकदा लावते. शब्द कळले नाहीत तरी चालेल. एक जण गात असताना दुसरा काय करतो, तेवढे ऐका.