इंटरकॉमचे कुलूप
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



मला 'सोसायटीच्या आठवणी' हा विषय दिलाय. पाणी, पार्किंग, गळती यावर आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी इंटरकॉमबद्दल बोलतो, कारण त्यातली एक चूक माझ्या नावावर जमा आहे.

बँकेत आमच्या कार्यालयात ईपीएबीएक्स बसला, तेव्हा सुरुवातीला कोणीही कोणालाही फोन लावायचा. साहेबांचा फोन दिवसभर खणखणायचा. "रजा मंजूर झाली का?" "टीए बिल कुठे अडकलं?" मग मशीन बसवणाऱ्याने एक सोय दाखवली. प्रत्येक एक्स्टेन्शन एकेका गटात टाकायचं आणि कोणत्या गटाने कोणाला फोन करायचा, याचा 'हो-नाही'चा तक्ता मशीनमध्ये भरायचा. हा तक्ता एकतर्फीही भरता येतो. काउंटरवाल्यांना साहेबांचा फोन थेट लागणार नाही, ऑपरेटरमार्फत जावं लागेल. साहेब मात्र हवा तेव्हा काउंटरला लावतील. आठवड्याभरात शांतता झाली. मला ती युक्ती फार आवडली.

पुढे निवृत्त झालो आणि सोसायटीच्या कमिटीवर आलो. त्या वेळी मुलं भर दुपारी कुठल्याही फ्लॅटला फोन लावून खाली ठेवायची. दुपारी जरा आडवं झालेल्या ज्येष्ठांच्या तक्रारी आल्या. सर्वसाधारण सभेत मी बँकेचा अनुभव सांगितला आणि ठराव मांडला : फ्लॅटवरून फक्त गेटला फोन लागेल, फ्लॅट ते फ्लॅट बंद. सूचक मी. हात भराभर वर झाले. फक्त समोरच्या विंगमधल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, रात्री-अपरात्री काही लागलं तर?" मी म्हटलं, "गेटला चोवीस तास माणूस आहे की!"

त्याच पावसाळ्यात मी एका लग्नासाठी गावी गेलो होतो. घरातला एकुलता एक मोबाइल माझ्या खिशात. लँडलाइन पावसाने बंद. रात्री आमच्या सौ. बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. सरपटत पॅसेजमध्ये आल्या, वायर ओढून रिसीव्हर खाली पाडला आणि गेटला फोन लावला. वॉचमन पंपाची मोटर सुरू करायला मागे गेला होता. मग वहिनींचा नंबर फिरवला. टूं टूं टूं. नियम ठाऊक होता, पण त्या अवस्थेत आठवला नाही. त्यांना वाटलं, वहिनी कोणाशी तरी बोलतायत, म्हणून थांबून थांबून पुन्हा फिरवत राहिल्या. वहिनी जाग्याच होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा सौ.ना खिडकीतून दिसत होता.

अर्ध्या तासाने वॉचमन परतला, तेव्हा गेटचा फोन वाजतच होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सौ. आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हा किस्सा त्यांच्या परवानगीनेच सांगतोय.

पुढच्या सभेत ठराव रद्द करायचा ठराव मीच मांडला. फ्लॅट ते फ्लॅट पुन्हा सुरू केलं. खोड्यांवर उपाय साधा निघाला : आमचं मशीन कोणी कोणाला फोन लावला याची नोंद ठेवतं, ती पाहून त्या एका फ्लॅटपुरतं बंद करायचं. आणि गेटने पाच रिंगमध्ये उचलला नाही, तर फोन आपोआप सेक्रेटरींच्या घरी वाजतो.

बँकेत फोन अडला तर फार तर एखादं बिल अडायचं. घरांचा हिशोब वेगळा असतो, हे वहिनींना कळलं होतं. मला बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही कळलं नव्हतं. वहिनी, आज सर्वांसमोर तुमची माफी मागतो.

आता एकच विनंती. आज घरी गेल्यावर इंटरकॉम उचलून शेजारी एक फोन लावून बघा. बऱ्याच घरांत तो वर्षानुवर्षं कोणी उचललेलाच नाही. लागला, तर दोन शब्द बोला. नाही लागला, तर उद्या ऑफिसात तक्रार लिहा.