लंगडीचं वय

आम्ही प्रकाशाच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. कापूस वेचायचे दिवस आहेत, तेव्हा ऐकता ऐकता हात चालू ठेवा, आमची हरकत नाही.

आमच्या गटात एकीने गाऱ्हाणं मांडलं. "अंगणवाडीत नुसतं खेळवतात. माझा पोरगा चार वर्षांचा झाला, अजून 'अ' काढत नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने घरीच पाटी आणली होती. पोरगा पेन्सिल मुठीत धरायचा, रेघ वाकडी जायची, मग फटका आणि रडारड. आम्हीही आमच्या पोरांना असंच केलंय, खोटं कशाला बोला!

मग अंगणवाडीताईंनी आम्हाला बाहेर ओट्यावर बसवलं. म्हणाल्या, पोरं लंगडी घालतायत, फक्त बघा. तीन वर्षांची पोर एक पाय उचलते, क्षणभर उभी राहते की लगेच दुसरा पाय टेकवते. चार वर्षांचं दोन-चार उड्या मारतं. पाच-सहा वर्षांचं सगळं अंगण ओलांडून जातं. शिकवलं कोणी? कोणी नाही. एखादं मूल थोडं मागं-पुढं होतं, पण क्रम तोच.

अमेरिकेत आर्नोल्ड गेसेल नावाच्या डॉक्टरांनी लहान मुलांचं चित्रीकरण करून हाच क्रम बारकाईने पाहिला होता. अंगाची वाढ डोक्याकडून पायाकडे जाते. आधी मान धरते, मग मूल बसतं, मग उभं राहतं. आणि ती आतून बाहेर जाते. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली काही हाडं अजून मऊ कूर्चाच असतात. म्हणजे त्या पोराला लिहिण्याचा कंटाळा नव्हता, त्याचा हातच तयार नव्हता. हात तयार होतो तो चेंडू फेकून, झाडाला लोंबकळून, माती मळून, शेंगा सोलून. खेळणं हीच लिहिण्याची तयारी.

हे सगळं परदेशातूनच आलं असं समजू नका. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती, पण तिची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. वारली पाड्यांवरची पोरं बालवाडीत येत नव्हती, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. सरकारची अंगणवाडी योजना 1975 ची, त्याच्या कितीतरी नंतरची.

आता मोठ्या मुलांचं. स्वित्झर्लंडमध्ये पियाजे नावाचे अभ्यासक होते, ते पोरांबरोबर गोट्या खेळत आणि नियम विचारत. त्यांना दिसलं की अगदी लहान मुलं शेजारी बसून आपापलंच खेळतात आणि सगळेच जिंकतात. सात-आठ वर्षांपासून मुलं एकच नियम धरून खेळायला लागतात. अकरा-बारा वर्षांची तर नियमावरच तासभर भांडतात. आपल्या गल्लीत संध्याकाळी जाऊन बघा, हेच दिसेल. म्हणून पहिलीच्या पोरांना खो-खोत बसवलं तर ती रडतात. त्यांना पकडापकडी, बेडूकउड्या, शिवणापाणी द्यावं. एका शाळेत आम्ही पाहिलं, लहान पोरं उन्हात रांग धरून आपली पाळी यायची वाट बघत होती. अर्ध्या तासात एकेकाला दोनदा पळायला मिळालं. तो खेळाचा तास म्हणायचा की उभं राहण्याचा? पालकसभेला जाल तेव्हा हे विचारा.

एक मात्र लक्षात ठेवा. 'येईल हळूहळू' म्हणून सगळंच सोडून द्यायचं नाही. दीड वर्षाचं होऊनही मूल चालत नसेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा.

आणि मुली. मुलींची उंची साधारण मुलांच्या दोन वर्षं आधी झपाट्याने वाढायला लागते. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. याच वर्षांत हाडांत ताकद भरते आणि धावण्या-उड्या मारण्याने ती जास्त भरते. उतारवयात आपली हाडं ठणकतात ना, त्याची पुंजी या वयात जमते. आणि नेमक्या याच वयात आपण म्हणतो, "मोठी झालीस, आता पुरे."

आमच्या गटातल्या एका ताईने तेराव्या वर्षी मुलीचं खो-खो बंद केलं होतं. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "पटलं. पण संध्याकाळचं पाणी कोण भरणार? धाकट्याला कोण धरणार?" आम्ही गप्प झालो. तिचं म्हणणं खरंच होतं. मुलीचा खेळ पदरामुळे बंद होतो तसाच हंड्यामुळेही. शेवटी असं ठरलं, की आठवड्यातून दोन दिवस आम्ही आळीपाळीने तिच्याकडचं पाणी भरायचं आणि धाकट्याला कोणाच्या तरी ओट्यावर बसवायचं. तिच्या नवऱ्याला एक दिवस पाळी द्यावी असंही एकीने सुचवलं. त्यावर अजून चर्चा चालू आहे.

गेल्या मंगळवारी पहिली पाळी झाली. पोरगी साडेसहाला घरी आली, गुडघा खरचटलेला, आणि आईला म्हणाली, "शुक्रवारी कोण येणार पाण्याला?"