आमची काळी गाडी आणि एक बादली पाणी

कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेंगा फोडत बसली असेल. हात चालू द्या, कान इकडं द्या. आज आम्ही आमच्या गटाच्या गाडीची गोष्ट सांगणार आहोत.

आमचा बचत गट माण तालुक्यातला, सातारा जिल्ह्यातला. आम्ही अकरा जणी. शेंगदाण्याची चटणी, शेवया, कुरडया करतो. पूर्वी माल बाजाराला न्यायचा म्हणजे वडापच्या जीपची वाट बघायची, निम्मी मिळकत भाड्यात जायची. म्हणून दोन वर्षांमागं गटानं कर्ज काढून एक जुनी सात आसनी गाडी घेतली. पांढरी मिळत होती, पण ती पंधरा हजारांनी महाग. आम्ही म्हटलं, रंग काय चाटायचाय? घेतली काळी.

पहिल्या दिवशी धुतली, नारळ फोडला. बॉनेटमध्ये आभाळ दिसत होतं. आमच्यातली एक तर त्यात बघून टिकली नीट करायची. आणि दुसऱ्या दिवशी? घरापासून फाट्यापर्यंतचा मुरमाड रस्ता पार केला, तेवढ्यात गाडी राखेत लोळल्यासारखी झाली. धूळ पांढऱ्या गाडीवरही बसतेच, पण आपली धूळ फिकट, त्यामुळं काळ्यावर ती लांबून दिसते. पारावर बसलेल्यांना बोलायला विषय मिळाला, “बायकांनी गाडी घेतली, पण ठेवता येईना.” ते बोलणं आम्हाला लागलं.

मग आम्ही इरेला पेटलो. रोज सकाळी जिला वेळ असेल ती जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन कोरडी धूळ झटकायची. दर दोन दिवसांनी कपड्यांची पावडर घालून धुवायची. महिनाभरात गाडी उन्हात उभी केली, तर अंगभर कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक ओरखडे! गॅरेजवाल्या दादांनी समजावून सांगितलं. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, तो केसापेक्षाही पातळ. धुळीत बारीक खडे असतात. कोरडं पुसलं की ते खडे त्या थरावर घासले जातात. पांढऱ्या गाडीवरही असे ओरखडे पडतात, फक्त दिसत नाहीत. काळी काही लपवत नाही. म्हणजे धुळीनं गाडी खराब होत नव्हती, आमच्या घासण्यानं होत होती. कपड्यांच्या पावडरीनं वर लावलेलं मेणही निघून गेलं होतं.

दुसरा त्रास आमच्या बोअरच्या पाण्याचा. पाणी जड. कुकरच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच गाडीवर ठिपके होऊन बसायचा. भर उन्हात काळा पत्रा तव्यासारखा तापतो. पाणी तिथल्या तिथं सुकतं आणि क्षार मागं राहतात.

पण खरा धडा मिळाला तो एप्रिलात. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाला. आमचा बोअर थोडा थोडा चालत होता, म्हणून आम्ही पाइप लावून गाडी धूत होतो. शेजारच्या थोरल्या काकी रिकामा हंडा घेऊन रस्त्यानं चालल्या होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, “पोरींनो, तुमची गाडी आंघुळ करतीया, आन् माझी म्हस सकाळधरनं तान्हेली हाय.” भांडल्या नाहीत, एवढंच बोलून पुढं गेल्या. आम्ही पाइप बंद केला. दोघीतिघींनी त्यांच्या घरी पाणी नेऊन दिलं, पण मान वर करून बोलायला जमलं नाही. पाइप दहा मिनिटं चालला तर शंभर लिटर पाणी सहज जातं. ते आम्ही कशासाठी घालवत होतो? पारावरच्या चार माणसांसाठी.

त्या संध्याकाळी बैठक बसली. एक जण म्हणाली, “गाडी विकून पांढरी घेऊ.” दुसरी म्हणाली, “पांढरीलाही पाणी लागतंच की.” शेवटी नियम ठरले, ते तुम्हालाही सांगतो.

टँकर चालू असेल तोवर गाडी धुवायची नाही. काचा, दिवे, आरसे आणि नंबरपाटी तेवढी ओल्या फडक्यानं पुसायची, कारण ते जिवाच्या सुरक्षेचं आहे. पाखराची विष्ठा मात्र तशीच ठेवायची नाही, ती रंगाला खाते. तिच्यावर ओलं फडकं पाचदहा मिनिटं ठेवायचं आणि मग अलगद उचलायची. खरवडायची नाही.

एरवी पंधरा दिवसांनी एकदा धुवायची, तीही दोन बादल्यांत. सकाळी लवकर, सावलीत, पत्रा गार असताना. आधी पाठीवरच्या फवारणी पंपानं बारीक तुषार मारून धूळ भिजवून खाली सोडायची. पंप मात्र कोरा हवा, औषध किंवा तणनाशक मारलेला नको. मग एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ मायक्रोफायबरचं फडकं शाम्पूत बुडवायचं, टपापासून खाली पुसत यायचं आणि दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं. फडकं जमिनीवर पडलं तर ते बाद. चाकं शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. परत पंपानं तुषार मारायचे आणि लगेच कोरड्या मऊ फडक्यानं टिपून घ्यायचं, म्हणजे क्षाराचे ठिपके उरत नाहीत. पंपासकट सगळं पाणी चाळीस लिटरच्या आत बसतं. खाली सांडणारं पाणी कडुनिंबाच्या आळ्यात जाईल अशीच गाडी उभी करायची.

पाळीची वहीही केली. जिची पाळी, ती धुणार. नाहीतर जी बोलत नाही तिच्याच गळ्यात काम पडतं.

गाडी धुतल्यावर आजही आनंद होतो, खोटं कशाला बोला. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेलो होतो. गाडी गुलालानं माखून आली. दुसऱ्या सकाळी गुलाल उतरला आणि खालून तो काळा रंग वर आला, तेव्हा आम्ही सगळ्या जणी नुसत्या बघत उभ्या राहिलो.

आणि एक राहिलंच. टँकरच्या त्या महिन्यांत गाडीवर बोटभर धूळ होती. आमच्यातली जी गाडी चालवायला शिकली, तिच्या लेकीनं मागच्या दारावर बोटानं लिहिलं, ‘माझी आई चालवते’. जूनच्या पावसात धूळ वाहून गेली, पण अक्षरं गेली नाहीत. बोटाखालच्या खड्यांनी त्यांचे ओरखडे उमटले होते. उन्हं तिरपी झाली की ती वाचता येतात. गॅरेजवाले दादा म्हणाले, “पॉलिश मारून घालवतो.” आम्ही म्हटलं, बाकीची गाडी करा, तेवढं दार राहू द्या.

तुमच्या गटाची गाडी असो, गिरणी असो, शिलाई मशीन असो, ती कोण पुसतं आणि कशानं पुसतं, ते येत्या बैठकीत एकदा विचारा.