संगणकाच्या कोठाराची राखण

श्रोतेहो, शाळेतला संगणक म्हणजे एक कोठारच म्हणा ना! पत्रे लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रे पाहण्याचा, असे दहा-वीस प्रोग्रॅम त्यात भरलेले असतात. धान्याला जशी अधूनमधून उन्हे दाखवावी लागतात, तशी यांचीही निगा राखावी लागते. कोणता जुना झाला, कोणाची नवी आवृत्ती निघाली, हे पाहावे लागते.

न पाहिले तर काय बिघडते? ऐका. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती दिली. दोनच महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाची कीड त्याच भगदाडातून जगभर शिरली. ब्रिटनमधल्या कित्येक रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती हाताशी होती, पण पुष्कळांनी ती बसवलीच नव्हती.

आता ही राखण करणारी तीन साधने पाहू. पहिले 'निनाइट'. यादीत खुणा करायच्या, की ते सारे प्रोग्रॅम आपसूक बसतात. वापरायला सर्वांत सोपे. पण ते नेहमी नवीच आवृत्ती देते, आणि फुकट आहे ते फक्त घरापुरते; शाळेला पैसे मोजावे लागतात. दुसरे 'चॉकलेटी'. हे हवी ती जुनी आवृत्तीही आणून देते. मात्र सांभाळते ते मुख्यतः स्वतः बसवलेलेच. तिसरे मायक्रोसॉफ्टचे 'विंगेट'. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०२१ साली आली. हुकूम टंकावा लागतो खरा, पण आपल्याजवळची आवृत्ती आणि निघालेली आवृत्ती ते शेजारी-शेजारी मांडून दाखवते. इतर मार्गाने बसवलेले बरेच प्रोग्रॅमही ते ओळखते.

गुरुजी, इथे एक सावधगिरी. जुने ते सगळेच टाकाऊ नव्हे! शाळेचे जुने कागद युनिकोडपूर्वीच्या टंकात लिहिलेले असतील, तर तो टंक काढताच मराठीच्या जागी भलतीच अक्षरे दिसू लागतात. म्हणून आधी ते कागद युनिकोडमध्ये उतरवून घ्या, आणि तोवर जुना टंक व प्रोग्रॅम हलवू नका. चॉकलेटी आणि विंगेट या दोघांतही एखादा प्रोग्रॅम 'पिन' करून ठेवता येतो. मग बाकीचे नवे झाले, तरी तो जागचा हलत नाही.

तेव्हा शाळेसाठी माझा कौल विंगेटला. महिन्यातून एक दिवस नेमा, आधी कागदांची प्रत काढा, मग यादी पाहा. मात्र कोठाराची भिंतच खचली असेल, तर आतले धान्य चाळून काय उपयोग? विंडोज १० ची नेहमीची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आपल्या संगणकावर कोणती विंडोज आहे, हे उद्या शाळेत गेल्यावर आधी पाहा.