न चावणारा डांस



डांस म्हटला कीं आपला हात आपोआप उगारला जातो. कानाशीं गुणगुण झाली कीं आपण टाळी वाजवितों आणि एक शत्रु मेला म्हणून समाधान पावतों. परंतु त्या टाळींत जो सांपडला तो खरोखरच आपला शत्रु होता काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. डांसांमध्यें रक्त पिते ती केवळ मादी. अंडीं तयार होण्यास तिला जीं द्रव्यें लागतात तीं रक्तांतून मिळतात, म्हणून ती चावते. नर मात्र जन्मभर कोणालाहि चावत नाहीं. त्याच्या सोंडेंतील सुया आपली त्वचा भेदण्याजोग्या नसतातच. मग हा नर जगतो कशावर, आणि त्याच्या खाण्यापिण्याशीं आपणांस काय कर्तव्य, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम त्याची ओळख करून घेऊं. भिंगांतून पाहिल्यास नराच्या डोक्यावर पिसासारख्या झुपकेदार मिशा दिसतात. मादीच्या मिशा विरळ असतात. या मिशा म्हणजे नराचे कान. त्यांच्या बुडाशीं असलेलें श्रवणेंद्रिय बाल्टिमोर शहरांतील जॉन्स्टन नांवाच्या डॉक्टरानें १८५५ सालीं वर्णिलें, व अद्यापि तें त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. मादी उडूं लागली म्हणजे तिच्या पंखांचा जो बारीक नाद होतो तो टिपून नर तिचा माग काढतो. जी गुणगुण आपली झोंप मोडते, तीच त्याला वाट दाखविते.

नर कोशांतून बाहेर पडतो तो साधारणपणें माद्यांच्या थोडा आधीं. अळी असतांना पाण्यांत खाल्लेल्या अन्नाची कांहीं शिदोरी त्याच्या अंगांत शिल्लक असते. पण ती एक-दोन दिवसांपलीकडे पुरत नाहीं. दुसरी अडचण अशी कीं, जन्मतःच तो मीलनास योग्य नसतो. त्याच्या शरीराचें मागील टोंक हळूहळू फिरून अर्ध्या वर्तुळाइतकें वळावें लागतें, व या कामीं सुमारें एक दिवस जातो. म्हणजे संसाराची पात्रता येते न येते तोंच शिदोरी संपत आलेली असते. अशा वेळीं गोड रसाचा थेंब मिळाला तर पुढचें आयुष्य. न मिळाला तर दोन-तीन दिवसांतच सर्व आटोपतें.

हा गोड रस त्याला अनेक ठिकाणीं मिळतो. फुलांतील मध हें तर त्याचें अन्न आहेच. कांहीं झाडांना फुलांबाहेरहि मधाच्या ग्रंथी असतात. एरंडाच्या पानाचा देठ नीट पाहिला तर त्यावर ज्या बारीक गांठी दिसतात, त्या याच. झाडावर मावा पडला म्हणजे पानें चिकट होतात. तो चिकटा म्हणजे माव्याच्या किड्यांनीं टाकलेलें साखरेचें पाणी, आणि डांसांना तेंहि चालतें. पिकून फुटलेलें फळ असलें तर विचारावयासच नको. प्यालेला रस एकदम पोटांत जात नाहीं. पोटाच्या अलीकडे एक पिशवी असते, तींत तो सांठतो व लागेल तसा थोडा थोडा पुढें सोडला जातो. मादीहि असा रस पिते व याच पिशवींत सांठविते. रक्त मात्र ती सरळ पोटांत घेते. एकाच देहांत साखरेचें कोठार निराळें व रक्ताची चूल निराळी, अशी ही व्यवस्था आहे.

एवढी साखर खर्च होते तरी कोठें? आफ्रिकेंत हिंवताप पसरविणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस डांसांचें उदाहरण घेऊं. सूर्य मावळला कीं या जातीचे नर मोकळ्या जमिनीचा एखादा तुकडा, लांकडांचा ढीग किंवा भिंतीचें टोंक अशी खूण धरून तिच्या वरच्या हवेंत थव्यानें जमतात, आणि वीस-पंचवीस मिनिटें एकाच जागीं नागमोडी उडत राहतात. एखादी मादी या थव्यांत शिरली कीं जो तिला प्रथम गांठील त्याचें काम झालें. मादी बहुधा आयुष्यांत एकदांच मीलन करते व तेवढ्यावर जन्मभर अंडीं घालते. त्यामुळें थव्यांत येणाऱ्या माद्या थोड्या आणि वाट पाहणारे नर पुष्कळ. बहुतेक नर त्या संध्याकाळीं रिकामेच परततात, आणि दुसऱ्या संध्याकाळीं पुन्हां हजर होतात.

या नृत्याची किंमत मोठी असते. पश्चिम आफ्रिकेंतील बुर्किना फासो देशांत शास्त्रज्ञांनीं थव्यांतील नर पकडून त्यांच्या अंगांतील साखर मोजली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या मापनांत असें दिसून आलें कीं, सुमारें पंचवीस मिनिटांच्या या उड्डाणांत नराच्या अंगांतील साखर व तिच्यापासून बनलेला सांठा मिळून जवळजवळ निम्मा भाग खर्च होतो. म्हणजे रोजच्या मजुरीवर पोट असलेल्या माणसासारखी त्याची स्थिति. आज मिळविलेलें आज संध्याकाळीं खर्चावयाचें, आणि उद्यांसाठीं पुन्हां फूल शोधावयाचें.

आतां हें फूल मिळालेंच नाहीं तर काय होईल? अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या विद्यापीठांत हा प्रश्न प्रयोगानें सोडविण्याचा यत्न झाला. साखर न मिळालेल्या नरांची मीलनाची शक्ति दिवसागणिक झपाट्यानें ओसरते, हें तेथें दिसून आलें. २००९ सालींच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत बंदिस्त जागेंत एकीकडे भरपूर साखर व दुसरीकडे तिचा अभाव अशी योजना करून रोज नवे डांस सोडण्यांत आले. रोज नव्या नरांची भर पडत असूनहि, जेथें साखर नव्हती तेथें फळलेल्या माद्यांचें प्रमाण पुष्कळच कमी भरलें. या आंकड्यांवरून गणित मांडलें असतां अशा ठिकाणीं डांसांची वस्ती ओसरत जाईल असें उत्तर निघालें. नराच्या भुकेचा परिणाम पुढच्या पिढीच्या संख्येवर होतो, तो असा.

सर्वच वनस्पति डांसाला सारख्या उपकारक नसतात. आफ्रिकेंत आपले गाजरगवत, एरंड व तिसरी एक रानवनस्पति यांवर माद्यांना ठेवून पाहिलें, तेव्हां पहिल्या दोहोंवर त्या चांगल्या तगल्या व तिसरीवर तितक्या तगल्या नाहींत. हें संशोधन २०१५ सालचें. गाजरगवत हें मूळचें अमेरिकेंतील. आपल्या देशांत त्याचा बोभाटा प्रथम पुण्याकडून, १९५० नंतरच्या दशकांत झाला, आणि आज महाराष्ट्रांत रस्त्याची कड त्याच्यावांचून दिसत नाहीं. नरांविषयीं म्हणाल, तर बुर्किना फासोंतच त्यांना निरनिराळ्या फळांचे रस पाजून त्यांचे थवे, मीलन व आयुर्मान यांची तुलना करणारें संशोधन २०२० सालीं प्रसिद्ध झालें आहे.

परंतु सर्वांत बोलका पुरावा माली देशाच्या बांदियागारा भागांतून आला. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात ती तेथेंहि परदेशांतून येऊन माजली आहे. संशोधकांनीं नऊ खेडीं निवडलीं. सहांत ही बाभूळ होती, तिहींत नव्हती. बाभूळ असलेल्या सहांपैकीं तीन खेड्यांत तिच्या फुलांनीं लदलेल्या फांद्या तेवढ्या छाटून टाकल्या. झाड तोडलें नाहीं. फुलें जातांच त्या गांवांतील अ‍ॅनॉफिलिस डांसांची संख्या ६९ टक्क्यांहून अधिक घटली. त्याहून महत्त्वाचें हें कीं, वयस्क माद्या विशेष कमी झाल्या. हिंवतापाचा जंतु मादीच्या अंगांत परिपक्व होण्यास बरेच दिवस लागतात. म्हणून जी मादी दीर्घकाळ जगते तीच रोग पसरविते. हें संशोधन २०१७ सालीं प्रसिद्ध झालें.

साखरेच्या या ओढीचा उपयोग सापळ्यासारखाहि करून पाहण्यांत आला आहे. मालींतच पिकलेल्या फळांचा रस व साखर यांत बोरिक आम्ल मिसळून तें मिश्रण झुडपांवर फवारलें, तेव्हां नर व माद्या दोन्ही सुमारें ९० टक्क्यांनीं घटल्याचें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. पुढें घरांच्या भिंतींवर विषारी साखरेचे पट्टे टांगून झांबिया देशांत मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. तींत मात्र हिंवतापाच्या रुग्णांत निश्चित म्हणावी अशी घट आढळली नाहीं. जेथें चोहोंकडे खरीं फुलें बहरलेलीं असतात तेथें नकली फुलाकडे कोणी वळावें, हा विचार यांतून पुढें येतो.

नराचा आहार जाणून घेण्याचें आणखी एक मोठें प्रयोजन आहे. नराला कारखान्यांत वाढवून, निर्बीज करून, रानांत सोडावयाचें. त्याच्याशीं मीलन झालेल्या मादीचीं अंडीं फळत नाहींत. १९७० ते १९७५ या काळांत दिल्लीजवळ जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनीं असा उद्योग आरंभिला होता; तो संशयाच्या वावटळींत बंद पडला. चीनमध्यें ग्वांगझौ येथील नदीच्या दोन बेटांवर २०१६ व २०१७ सालीं पट्टेवाल्या डांसांचे नर सोडून तेथील वस्ती जवळजवळ नाहींशी करण्यांत आली. या सर्व खटाटोपाचा भरंवसा एकाच गोष्टीवर असतो: सोडलेल्या नरानें रानांतल्या नराशीं बरोबरी केली पाहिजे. पिंजऱ्यांत त्याला शेंकडा दहा साखरेचें पाणी कापसाच्या बोळ्यावर आयतें मिळतें. बाहेर पडल्यावर फूल त्यानें स्वतः शोधावयाचें असतें. तेव्हां त्याला निघतांना शिदोरी किती बांधून द्यावी, आणि ज्या भागांत सोडावयाचें तेथें फुलोरा आहे कीं नाहीं, हे प्रश्न कारखान्याच्या यंत्रांइतकेच महत्त्वाचे ठरतात.

हें सर्व ऐकून कोणी उद्यां सकाळीं अंगणांतील जास्वंद-मोगऱ्यावर कोयता चालवूं नये. मधमाशा व फुलपांखरें त्याच मधावर जगतात, आणि डांससुद्धां कोठें कोठें परागणाचें काम करतात. उत्तर अमेरिकेंतील एक रानटी ऑर्किड तर त्यांच्या मदतीनें फळतें. आपल्या घरापुरतें पाहिलें तर सांचलेलें पाणी आठवड्यांतून एकदां ओतून टाकणें व निजतांना मच्छरदाणी लावणें यांहून सोपा उपाय अद्यापि नाहीं. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं हिंवतापानें सुमारें ५ लक्ष ९७ हजार माणसें मेलीं, व त्यांत बहुतांश आफ्रिकेंतील पांच वर्षांखालचीं बालकें होतीं. औषधें जुनीं होत आहेत, कीटकनाशकांना डांस दाद देईनासे झाले आहेत. अशा समयीं, जो कोणाला चावत नाहीं म्हणून इतकीं वर्षें फारसा कोणी विचारला नाहीं, त्या नराचा दिनक्रम शास्त्रज्ञ फुलाफुलापाशीं बसून टिपून घेत आहेत. तो आज कोठें जेवला, हें कळल्यावांचून उद्यां त्याला कोठें गांठावें हें कळावयाचें नाहीं.