सड्यावरची एक रात्र

१९९८ च्या भाद्रपदांत मी कांहीं विद्यार्थ्यांसह साताऱ्याहून यवतेश्वराच्या धारेनें कासच्या सड्यावर पायीं गेलों. सायंकाळीं धुकें दाटलें. मीच पुढें होतों. घाईनें मुलांना दलदलींतून आडवें नेलें, वाट सुटली आणि रात्र ओल्या खडकावर बसून काढावी लागली.

पहाटे आमचीं पावलें दिसलीं. जांभ्यावर मातीचा थर पातळ. त्यांतील नत्र पावसानें धुऊन जातें. म्हणून दवबिंदु व सीतेचीं आसवें या वनस्पति बारीक जीव धरून ती उणीव भरून काढतात. प्रत्येक पावलाखालीं त्याच चिरडल्या होत्या!

२०१२ सालीं हें पठार जागतिक वारशांत गणलें गेलें. आपण जाल, तर वाट सोडूं नका. मीं सोडली, ती चूक आज आपणांपुढें कबूल करितों.