सपरींतला आवाज माजघरांत

सौंदडसारख्या गांवांतील जुन्या घराची मांडणी बहुधा ठरलेली असते. पुढें सपरी, तिला लागून बैठक, मग माजघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि शेवटीं परस. दूरचित्रवाणीचा संच बैठकींत बसतो, कारण पाहुणा तेथें येतो. आणि ज्या वृद्ध माणसास दिवसभर त्या संचाची सोबत हवी असते तें मात्र माजघरांतील बाजेवर पडून असतें. त्याला तिन्हीसांजेचें भजन भिंतीपलीकडून अर्धवट ऐकूं येतें, आणि तें नीट ऐकूं यावें म्हणून बैठकींतला आवाज वाढवावा तर मुलांचा अभ्यास बुडतो.

दुसरा संच घेणें हा एक उपाय आहे. परंतु धानाच्या विक्रीवर ज्यांचा वर्षाचा हिशेब बसतो त्यांना आधीं तार ओढून पाहावी असें वाटतें, आणि तें योग्यच आहे. तार स्वस्त असते हेंही खरें. पण चुकीची तार भिंतींत पुरली गेली म्हणजे भिंत पुन्हां फोडावी लागते. सारवून पोतारलेली मातीची भिंत फोडणें म्हणजे काय, हें त्या घरच्या बायकांस विचारावें.

तार घेण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयाचा असतो, आणि तो दुकानदारास नव्हे, त्या वृद्ध माणसास. त्याला चित्र हवें आहे कीं नुसता आवाज? दृष्टि मंदावलेल्या माणसास पुष्कळदां आवाज पुरतो. आणि आवाजाचें काम चित्राच्या मानानें फारच सोपें आहे.

बैठकींत एक लहानसा अँप्लिफायर ठेवून त्याचा स्पीकर माजघरांत न्यावयाचा, अशी कल्पना करावी. माळ्यावरून वळसा घेत तार १५ मीटर होते. प्रवाहास जाऊन परत यावयाचें असल्यामुळें हिशेब मात्र ३० मीटरचा धरावा लागतो. ही परतीची वाट विसरणें ही नेहमींची चूक. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम येथें उपयोगीं पडतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध एवढ्या लांबीवर सुमारें १ ओहम भरतो. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर शक्तीचा नववा हिस्सा तार तापविण्यांतच खर्च होतो. तीच तार दीड चौरस मिलिमीटरची घेतली कीं विरोध सुमारें ०.३४ ओहमवर येतो आणि नुकसान चोविसाव्या हिश्श्यावर उतरतें. यापुढें जाड तार घेऊन कानास कांहीं कळत नाहीं. स्पीकर ४ ओहमचा असेल तर मात्र अडीचची घ्यावी. या कामीं विजेच्या दुकानांतील साधी दोन पदरी लवचिक तार उत्तम चालते. सोनेरी मुलाम्याचीं टोकें गंजत नाहींत एवढाच त्यांचा गुण. त्यांनीं गळा गोड होत नाहीं.

तार तांब्याचीच आहे ना, हें मात्र पाहावें. वरून तांबें आणि आंत अॅल्युमिनियम अशी तार बाजारांत येते. अॅल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. चाकूनें खरवडतांच आंतला पांढरा रंग दिसतो, आणि वेटोळें हातांत घेतांच हलकें लागतें.

मोठ्या मैदानावर दूरदूर कर्णे लावावयाचे असतात तेव्हां जाड तारेनेंही भागत नाहीं. तेथें विद्युद्दाब १०० व्होल्टपर्यंत चढवून धाडतात व प्रत्येक कर्ण्यापाशीं रोहित्रानें उतरवितात. १०० वॅट शक्ति ८ ओहमच्या कर्ण्यास थेट द्यावयाची तर साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. १०० व्होल्टवर एकच अँपिअर पुरतो, आणि तारेंतील नुकसान बारा पटींनीं घटतें. घरास याची गरज नाहीं.

आतां चित्र. छपरावरील तबकडीपासून संचाकडे येणारी समाक्ष तार, जिचें एकस्व हेव्हिसाइडनें १८८० सालीं इंग्लंडांत घेतलें, ती आर्.जी. ६ जातीची, ७५ ओहमची असावी. हा आंकडा मापकानें मोजावयाचा नसतो. तो त्या तारेचा लहरींशीं असलेला गुणधर्म आहे. याच तारेंतून तबकडीच्या तोंडाशीं असलेल्या यंत्रास १३ किंवा १८ व्होल्टची वीजही जाते. मधली तार पोलादाची व तिजवर तांब्याचा पत्रा असेल तर लहरी पृष्ठभागानें नीट जातात, पण लांब अंतरावर वीज कमी पडते. चुंबक लावला कीं पोलाद ओळखूं येतें.

एच्.डी.एम्.आय्. तारेचा प्रकार निराळा. ५ मीटरपर्यंत साधी तांब्याची तार निर्धास्त वापरावी. १५ मीटरला बारीक तपशिलाचें चित्र लुकलुकतें किंवा पार नाहींसें होतें. तेथें कॅट ६ जातीच्या संगणक-तारेस दोन्ही टोकांस विस्तारक यंत्रें जोडावीं. प्रकाशतंतूची तयार तार घेतल्यास तिचें एक टोक संचाचें व दुसरें पडद्याचें ठरलेलें असतें. उलट ओढल्यास ती मुकी राहते, आणि हें पाइप बुजविल्यावर लक्षांत आलेलें बरें नव्हे.

ओढतांना विजेच्या मुख्य तारेपासून ही तार वीतभर तरी दूर ठेवावी. ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. कवेलूखालीं उंदीर फिरतात, म्हणून माळ्यावर पाइप हवाच. स्पीकरच्या तारेस भिंतींतील विजेच्या खांचेंत बसणारें टोक कधींही लावूं नये. कोणी पोर तें खुपसल्यास यंत्र तर जळेलच, पण प्राणावरही बेतेल. वळिवाचें गडगडणें सुरू होतांच तबकडीची तार व विजेचें टोक, दोन्ही काढून ठेवावीं.

पाइप मात्र तारेच्या जाडीच्या दुप्पट रुंद घ्यावा व त्यांत एक नायलॉनची दोरी सुटी सोडून ठेवावी. आज बाजेवरील आजीस आवाज पुरेसा आहे. उद्यां नातवास तेथें चित्र हवें झालें, तर त्याच दोरीनें दुसरी तार ओढतां येते आणि पोतारलेल्या भिंतीस हात लावावा लागत नाहीं.